रताळ्याची बाटलीतली रोपं कपात जगवताना

ऊतिसंवर्धनाची (टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत छोट्या तुकड्यापासून वाढवलेली) रताळ्याची रोपं बाटलीत तरारलेली दिसतात, पण उघड्यावर आणली की माना टाकतात. त्यांच्या पानांवर मेणाचा थर पुरेसा नसतो, पाणी भराभर उडतं.

१. रोप चिमट्याने अलगद काढा आणि मुळांवरची जेली (बाटलीत रोप जिच्यात वाढतं ती) कोमट पाण्यात पूर्ण धुवा. इथे घाई नकोच. जेलीत साखर असते, थोडी राहिली तरी बुरशी धरते.

२. तळाला भोकं पाडलेल्या कपात सोडणाचा (नारळाच्या सालीचा) भुसा आणि धुतलेली नदीची वाळू निम्मी-निम्मी भरा. भुसा आधी गोड्या पाण्यात २-३ वेळा भिजवून पिळा. सोडणं खाडीत कुजवलेली असतील तर भुशात मीठ उरतं, आणि कोवळी मुळं त्यानेच करपतात.

३. वर पारदर्शक पिशवी, कप सावलीत. चौथ्या दिवसापासून रोज एक-दोन भोकं पाडा, १०-१२ दिवसांनी पिशवी काढा. नवं पान आलं म्हणजे रोप लागलं.

पावसाळ्यात हवाच दमट असते. पिशवी आठवड्याभरात काढा, नाहीतर देठ कुजतो.

पिशवी असेपर्यंत थेट ऊन अजिबात नको, आत रोप शिजतं.