वाकडं आहे तसंच ठेवा: स्टॉर्मट्रूपरचं चिलखत घरी जुळवताना

स्टॉर्मट्रूपर म्हणजे 'स्टार वॉर्स' सिनेमांतला पांढऱ्या चिलखतातला सैनिक. त्याच्या हेल्मेटचे तुकडे हातात आले की कात्री उचलण्याआधी ते नुसते चिकटपट्टीने जोडा आणि आरशासमोर धरा. आरशातलं हेल्मेट अनोळखी वाटेल. कारण ते मुळात दोन्ही बाजूंनी सारखं नाही. एक डोळा दुसऱ्यासारखा नाही, तोंडही किंचित एका बाजूला झुकलेलं आहे. नव्या माणसाचा हात सगळ्यात आधी शिवशिवतो तो हे सरळ करायला. करू नका. तो वाकडेपणा गेला की उरतं ते दुकानातलं खेळणं.

मी इंग्लंडमध्ये वॉटफर्डला राहते. १९७७ साली आलेल्या पहिल्या 'स्टार वॉर्स'चं चित्रीकरण झालं तो एल्स्ट्री स्टुडिओ माझ्या घरापासून गाडीने वीसेक मिनिटांवर आहे. चिलखताच्या शरीराच्या भागांचं मातीतलं मूळ काम ब्रायन म्यूर यांचं. त्यावरून साचे झाले आणि ट्विकनहॅमला अँड्र्यू एन्सवर्थ यांनी त्या साच्यांवर प्लॅस्टिक ओढून तुकडे काढले. मार्च १९७६ मध्ये ट्युनिशियाच्या वाळवंटात कॅमेरा सुरू व्हायचा होता, म्हणजे सगळं घाईचं काम. जिथे कापताना हात घसरला तिथे घसरलेलाच राहिला, रंगाच्या रेघा हाताने मारलेल्या. पडद्याबरहुकूम चिलखत करायचं म्हणजे ती घाई मन लावून, सावकाश उतरवायची.

आधी ठरवा की कोणता स्टॉर्मट्रूपर करायचा. एकाच सिनेमात दोन तऱ्हेची हेल्मेटं आहेत. गर्दीतल्या सैनिकांचं ते 'स्टंट' आणि ल्यूक व हान हे सिनेमाचे नायक सैनिकांचं वेषांतर करतात तेव्हाचं ते 'हीरो'. स्टंटच्या डोळ्यांना सपाट हिरवट काच असते, हीरोच्या डोळ्यांना बाहेर फुगलेली. स्टंटच्या तोंडात सहा दातांच्या फटी कापलेल्या, हीरोच्या आठ. दोन्हींची सरमिसळ झाली तर जाणकाराच्या नजरेला ती दहा पावलांवरून खटकते. पुढच्या सिनेमांतली चिलखतं आणखी वेगळी आहेत, त्यामुळे संदर्भाचे फोटो गोळा करताना प्रत्येक फोटोवर सिनेमाचं नाव लिहून ठेवा. ५०१ लिजन ही १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली हौशी लोकांची संघटना. तिने प्रत्येक पोशाखाचे निकष फोटोंसकट मांडून ठेवलेत आणि प्रवेशासाठी ते पाळावेच लागतात. सभासद व्हायचं नसलं तरी ते निकष छापून भिंतीवर लावा. मी केलं ते स्टंट, म्हणून पुढचं सगळं त्याबद्दल.

सामान म्हणजे पांढऱ्या एबीएस प्लॅस्टिकचे, व्हॅक्यूम फॉर्मिंग करून, म्हणजे तापलेलं प्लॅस्टिक हवा शोषून साच्यावर ओढून काढलेले तुकडे. हौशी लोकच साचे करून असे संच थोड्या संख्येने काढतात. फोमचं चिलखत हलकं आणि स्वस्त होतं, पण तापलेला प्लॅस्टिकचा पत्रा साच्यावर ओढला की कडांना जो मऊ गोलावा येतो तो फोममध्ये येत नाही. तुकडे येतात ते कडेला भरपूर जादा प्लॅस्टिक घेऊन. सरळ रेषेत कापायचं असेल तर धारदार चाकूने तीन-चारदा रेघ ओढा आणि वाकवून मोडा, तुकडा स्वच्छ सुटतो. वळणावर रिमोटच्या गाड्यांची बॉडी कापायची वाकड्या पात्याची कात्री वापरा. थंडीत एबीएस ठिसूळ होतं. गॅरेजमध्ये काम करत असाल तर तुकडे आदल्या रात्री घरात आणून ठेवा.

माझे बाबा कोल्हापूरला फाउंड्रीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाचे नमुने करणारे कारागीर होते. व्हिडिओ कॉलवर माझं काम बघून म्हणाले, "अगं, खुणेवर कापू नकोस. खुणेच्या बाहेर काप आणि कानशीने खुणेपर्यंत ये." चिलखताच्या कामात मला मिळालेला हा सगळ्यात उपयोगी सल्ला. कानस एकाच दिशेने चालवा, मग २४० आणि शेवटी ४०० नंबरचा पॉलिश पेपर.

आता अंगाला बसवणं. निम्म्याहून जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. आत घालायचा काळा पोशाख चढवा, मास्किंग टेपने सगळे तुकडे अंगावर चिकटवा, कुणाला तरी चारही बाजूंनी फोटो काढायला सांगा आणि ते फोटो सिनेमातल्या चित्रांशेजारी ठेवून पाहा. आरशात आपण पोट आत घेतो, फोटोत खरं दिसतं. माझी उंची १५८ सेंमी आणि ही चिलखतं साधारण पावणेसहा फुटी पुरुषांच्या मापाची. बुटक्या माणसाने सगळं सारख्या प्रमाणात लहान करायचं नसतं. हेल्मेट आणि छाती आहे तशी राहते, कापायचं ते हातापायांच्या तुकड्यांना. मनगटाच्या आणि कोपराच्या तोंडाशी आत वळलेली कड पूर्ण काढून टाका. ती ठेवली तर हात वळत नाही, आणि सिनेमातल्या चिलखतातही ती तिथे काढलेलीच आहे.

मांडीचे तुकडे मात्र फक्त वरून कापा. त्यांच्या खालच्या कडेला एक उठावदार पट्टी असते आणि उजव्या मांडीवर तिथेच काडतुसांच्या पेट्यांचा पट्टा बसतो. हे मला उशिरा कळलं. मी डावी मांडी खालून साडेतीन सेंटीमीटर कापून मोकळी झाले, ती पट्टीच गेली. सुदैवाने कापलेली कड जपून ठेवली होती. आतून प्लॅस्टिकची पट्टी लावून ती परत जोडली, मग कापलेले एबीएसचे बारीक तुकडे काचेच्या बरणीत अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून त्याची लांबी (फटी भरायचा लगदा) केली आणि फट भरली. ही लांबी आकसते, म्हणून पातळ थर द्यायचा, दिवसभर सुकू द्यायचा, घासायचा, पुन्हा थर. चार थर लागले. मूळ प्लॅस्टिकचंच मिश्रण असल्याने रंग जुळतो. तेव्हा एकही पांढरा तुकडा फेकू नका. आणि अ‍ॅसिटोनचं काम खिडकी उघडी ठेवून, जवळपास कुठलीही आग नसताना करा.

जोडणीला मी ई-६००० हा डिंक वापरते. तो रबरासारखा लवचीक राहतो, त्यामुळे चालताना सांधा तडकत नाही. मोठा फायदा म्हणजे चुकलं तर तो जोर लावून सोलून काढता येतो. झटपट चिकटणाऱ्या डिंकाने जोडलेला तुकडा चुकला की प्लॅस्टिकच फाटतं. ई-६००० ला निदान २४ तास हलवायचं नाही, थंडीत आणखी वेळ द्या. तोवर आतून-बाहेरून चुंबकांच्या जोड्या आणि कपड्यांचे चिमटे लावून ठेवायचे. त्याचा वास उग्र असतो, तेव्हा इथेही खिडकी उघडीच.

हाताचे आणि पायाचे तुकडे अर्धे-अर्धे येतात. त्यांच्या कडा एकमेकींवर चढवायच्या नाहीत. त्या समोरासमोर टेकवून वरून सपाट पट्टी लावायची. हातांना १५ मिमी रुंद, पायांना पुढून २० आणि मागून २५ मिमी. या पट्ट्यांची रुंदी चुकली की अख्खा पाय जाड दिसतो. पोटरीचा तुकडा पुढून कायमचा जोडा, मागून वेल्क्रोने उघडता ठेवा, नाहीतर पाय आत जाणार नाही. डाव्या गुडघ्यावर वेगळी चौकोनी ढाल येते, उजव्या नाही. पोटाचा आणि कमरेचा तुकडा डाव्या कडेला तीन रिबिटांनी जोडलेला असतो, ती मागून दोन पाय फाकवून बसवायची जात. उजवी कड उघडी राहते, तिथून आपण आत शिरतो.

खांद्यावरून जाणाऱ्या खाचांच्या पांढऱ्या पट्ट्या सपाट येतात. जबरदस्तीने वाकवल्या तर खाचेत पांढरी चीर उमटते. मी मोठं पातेलं भरून पाणी उकळते, गॅस बंद करते आणि पट्टीचा मधला भाग अर्धा मिनिट पाण्यात बुडवते. चिमट्याने बाहेर काढली की ती ओल्या चामड्यासारखी लुळी लागते. हातमोजे घालून ती लगेच पालथ्या कढईच्या पाठीवर दाबून धरायची आणि वरून गार पाणी सोडायचं. पाच-सहा सेकंदांत आकार धरते. तीन-चार वेळा थोडं थोडं करून खांद्याची गोलाई आणा.

अंगावर हे सगळं टिकतं ते टिचबटणांवर आणि इलॅस्टिकवर. टिचबटणं थेट प्लॅस्टिकला लावू नका, भोकाशी तडा जातो. नायलॉनच्या पट्टीचा पाच सेंटीमीटरचा तुकडा घेऊन त्यावर बटण ठोका आणि तो तुकडा आतून ई-६००० ने चिकटवा. पट्टीची कापलेली टोकं मेणबत्तीवर धरून वितळवा, म्हणजे धागे सुटणार नाहीत. प्रत्येक जोडीवर आतून मार्करने सारखा आकडा लिहा. घाईत बटण शोधताना त्याचं मोल कळतं.

रंगकाम फक्त बारकाव्यांचं. एबीएसची स्वतःची चकाकी तशीच राहू द्या, अंगाच्या तुकड्यांना पांढरा रंग लावू नका. सिनेमातली स्टंट हेल्मेटं मात्र एचडीपीई या दुसऱ्या, खाकी प्लॅस्टिकची होती आणि वरून पांढरी रंगवलेली. त्या प्लॅस्टिकवर रंग नीट धरत नाही, म्हणून जवळच्या फोटोंत कडांना रंग उडालेला दिसतो आणि हेल्मेटचा पांढरा अंगाच्या पांढऱ्याशी पूर्ण जुळत नाही. हा फरक हवा असेल तर फक्त हेल्मेट रंगवा. गालाच्या नळ्यांवरच्या निळ्या रेघांसाठी हंब्रॉल कंपनीचा १४ क्रमांकाचा फ्रेंच ब्लू, करड्या भागांसाठी ५ क्रमांकाचा डार्क अ‍ॅडमिरल ग्रे. बाजारात या रेघांचे स्टिकर मिळतात, ते घेऊ नका. पेन्सिलने हलकी खूण करा आणि बारीक ब्रशने हातानेच ओढा. एखादी रेघ जरा जाड आली तर पुसू नका. मूळ हेल्मेटांवर दोन गाल मोजून पाहिले तर रेघांची संख्यासुद्धा सारखी नसते.

हातातली बंदूक ही स्टर्लिंग या खऱ्या ब्रिटिश सबमशीनगनवर वरून भाग लावून केलेली होती. आपल्याकडे कानपूरच्या कारखान्यात हीच बंदूक परवान्याने बनली. महाराष्ट्रात बंदोबस्तावरच्या पोलिसांच्या हातात दिसायची ती भोकाभोकांच्या नळीची कार्बाइन म्हणजे तीच. म्हणून माझ्या पिढीच्या मराठी माणसाला ती आकृती सिनेमा न बघताही ओळखीची असते. नकली बंदूक रेझिनची किंवा थ्रीडी प्रिंटरवर केलेली घ्या, आणि रस्त्याने नेताना बंद पेटीतच न्या. इथे ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय नकली बंदूक सार्वजनिक ठिकाणी बाळगणं हासुद्धा गुन्हा आहे.

पहिल्यांदा बाहेर घालून जाण्याआधी घरात तासभर वावरा. हेल्मेटमधून स्वतःचे पाय दिसत नाहीत, जिने उतरताना कुणाचा तरी खांदा लागतो. काचेवर वाफ धरते, म्हणून आत कपाळाशी छोटा पंखा बसवा. चढवताना क्रम पायाकडून वर: बूट, पोटऱ्या, मांड्या, पट्ट्यासकट पोट, मग छाती-पाठ, हात आणि शेवटी हेल्मेट. मला अजूनही पंचवीस मिनिटं लागतात, तीही नवरा मागे उभा राहून आकडे वाचत बटणं लावतो तेव्हा. पाठीवर कमरेशी येणारी १९ सेंमीची करडी नळी स्वतःला बसवताच येत नाही, ती त्याच्याकडे असते. सोबत डबी ठेवा: चार जादा टिचबटणं, पांढरी चिकटपट्टी, ई-६००० ची छोटी ट्यूब आणि लहान स्क्रूड्रायव्हर. हेल्मेटच्या कानांचे स्क्रू चालून चालून ढिले होतात.