‘काय झालं?’ विचारण्याआधी भावनेला शब्द द्या

शाळेतून आल्याआल्या मुलाने दप्तर भिरकावलं, ‘मला नाही जेवायचं’ म्हणाला, तर लगेच खोदून विचारू नका. चार-पाच वर्षांच्या मुलाला मनात काय चाललंय ते बऱ्याचदा नीट सांगता येत नाही. शेजारी बसा आणि अंदाजाने शब्द पुढे करा: ‘हिरमुसलास का? की कुणाचा राग आलाय?’ चुकलात तरी बिघडत नाही. तोच दुरुस्त करेल, ‘नाही, मला खेळायलाच घेतलं नाही!’ रुसवा, धाकधूक, हेवा, वैताग... आपल्याकडे किती नेमके शब्द आहेत, ते एरवीही कानावर पडू द्या. तरीही त्याला सांगायला जमेना, तर शरीरात काय जाणवतंय ते, ‘पोटात गोळा आलाय का?’ असं विचारून पाहा. आणि ‘मुलगा असून रडतोस?’ हे कृपा करून कधीच म्हणू नका. दप्तर उचलायला लावा, पण रडू ओसरल्यावर.