अकरावी सायन्स: वर्तुळाकार गतीत आधी ‘बल कोण देतंय’ ते शोधा

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावी सायन्सला आलेल्या मुलांना न्यूटनचे तिन्ही नियम तोंडपाठ असतात. अडतं ते गणितात. वर्तुळाकार गती आली की वजन, लंब प्रतिक्रिया (पृष्ठभाग काटकोनात देतो तो रेटा), घर्षण असे सगळे बाण काढून झाल्यावर केंद्राकडे आणखी एक बाण काढतात आणि त्यावर ‘अभिकेंद्री बल’ लिहितात. तो बाण खोडा. अभिकेंद्री बल हे वेगळं बल नाहीच. दोरीचा ताण, घर्षण, गुरुत्वाकर्षण, लंब प्रतिक्रिया यांपैकीच कुणीतरी ते काम करत असतं. कोण, ते सापडलं की निम्मं गणित सुटलं.

जानेवारीत सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेत मौत का कुआँ लागला असेल तर जरूर बघा, आणि घरी येऊन आकृती काढा. उभ्या भिंतीवर गाडी जवळजवळ आडवी धावते. भिंत तिला आत, केंद्राकडे ढकलते; ही लंब प्रतिक्रिया, आणि वळवणारं बल हेच. वजन खाली ओढतं, त्याला वरच्या दिशेचं घर्षण तोलून धरतं. सपाट रस्त्याच्या वळणावर मात्र कामांची अदलाबदल होते. तिथे वजन तोलते लंब प्रतिक्रिया आणि गाडी वळवतं घर्षण. मला हा सगळ्या धड्यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

आकडे घाला. वळणाची त्रिज्या २० मीटर, घर्षण गुणांक ०.५, गुरुत्व त्वरण ९.८. तिघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढलं की न घसरता वळण्याचा वेग येतो सेकंदाला ९.९ मीटर, म्हणजे ताशी साधारण ३६ किलोमीटर. पावसात गुणांक ०.२५ झाला तर ताशी २५. विहिरीत गुणांकाने गुणायचं नाही, भागायचं, मग वर्गमूळ. त्रिज्या ५ मीटर आणि गुणांक ०.५ धरला तर उत्तर पुन्हा ९.९. पण रस्त्यावर ही कमाल मर्यादा आहे, विहिरीत किमान. वस्तुमान दोन्हीकडे कटतं.

एसटी सात रस्त्याला वळताना आपण बाहेर फेकले जातो, ते अपकेंद्री बल फक्त एसटीत बसून विचार केला तरच धरायचं. रस्त्यावर उभं राहून गणित सोडवताय ना, मग ते आकृतीत आणू नका.

पुढे बँकिंग येईल, म्हणजे वळणावर बाहेरची कड उंच ठेवून तिरका केलेला रस्ता. तिथे उताराच्या गणितांची सवय आड येते आणि अक्ष उताराला समांतर घेतले जातात. गाडीचं त्वरण आडवं, केंद्राकडे आहे. म्हणून अक्ष आडवा आणि उभाच घ्या, आणि लंब प्रतिक्रियेचे घटक त्यांवर पाडा.