मूलपेशी चेतापेशीच्या वाटेला कशी लागते: चिठ्ठ्या आणि टॉवेल घेऊन शिकवा

सोलापुरात बी.एस्सी.च्या मुलींना हा भाग मी बरीच वर्षं शिकवतेय. फळ्यावर बाण काढून तो कुणालाच कळत नसे. आता वर्गात दोनच वस्तू नेते: चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि चाटी गल्लीतून घेतलेला एक टॉवेल.

आधी चिठ्ठ्या. वीस मुलींना रांगांत बसवा. प्रत्येक जण एक मूलपेशी, म्हणजे पुढे काय व्हायचं ते अजून न ठरलेली पेशी. दोघींना ‘त्वचा हो’ लिहिलेल्या चिठ्ठ्या वाटायला सांगा. चिठ्ठी म्हणजे बीएमपी नावाचं प्रथिन. नियम एकच: चिठ्ठी मिळाली तर त्वचा, नाही मिळाली तर चेतापेशीची, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूतल्या पेशीची वाट. पहिल्या फेरीत सगळा वर्ग त्वचा होतो. दुसऱ्या फेरीत एकीला मधे उभं करा, तिनं येणाऱ्या चिठ्ठ्या वाटेतच धरायच्या. ती नॉगिन, बीएमपीला अडवणारं प्रथिन. तिच्यामागची रांग कोरी राहते. इथे घाई करू नका. थोड्या वेळानं कुणीतरी विचारतंच, “म्हणजे मॅडम, ‘चेतापेशी हो’ असं कुणी सांगितलंच नाही?” या प्रश्नासाठीच सगळा खटाटोप. (कोंबडीच्या भ्रूणात एफजीएफ या संदेशाचाही हात असतो, हुशार मुलींना तेही सांगा.)

मग हिल्डे मँगोल्डचं नाव फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. तिनं न्यूट या उभयचराच्या भ्रूणाचा इवलासा तुकडा दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाकडे लावला, आणि तिथल्याच पेशींपासून दुसरी चेतानलिका, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती नळी, तयार झाली. 1924 साली शोधनिबंध आला, त्याच वर्षी भाजल्यामुळे तिचा मृत्यू झाला. 1935 चं नोबेल तिचे मार्गदर्शक हान्स श्पेमान यांना मिळालं. तो तुकडा चिठ्ठ्या अडवत होता, हे कळायला 1990 चं दशक उजाडलं.

बशीतल्या मानवी भ्रूणीय मूलपेशींनाही 2009 पासून असंच वळवतात. नॉगिन देतात, सोबत आणखी एक संदेश अडवणारं रसायन. दीडेक आठवड्यात बहुतेक पेशींत पॅक्स-6 हे चेतापेशीच्या वाटेची खूण असलेलं प्रथिन दिसतं. त्या अजून चेतापेशी नव्हेत, चेतापेशींच्या पूर्वज आहेत. हा फरक मुली पेपरात हमखास विसरतात.

आता टॉवेल टेबलावर लांब पसरा. ही चेतापट्टिका, चेतापेशीच्या वाटेला लागलेल्या पेशींचा सपाट पट्टा. दोन्ही लांब काठ उचलून मानेच्या जागी जुळवा, मग दोन्ही टोकांकडे चिमटत जा. झाली चेतानलिका. विणकराच्या घरातल्या एका मुलीनं मला विचारलं होतं, “काठ जुळलाच नाही तर?”

तर बाळाच्या पाठीचा कणा उघडा राहू शकतो. माणसात हे काठ गर्भधारणेपासून सुमारे 28 दिवसांत जुळून जातात, पाळी चुकल्याचं जेमतेम लक्षात येतं तेव्हा. म्हणून फॉलिक ॲसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याआधीच, रोज सुरू करायची असते. वर्गातल्या कित्येकींची लग्नं परीक्षेनंतर लगेच ठरतात. घंटा झाली तरी एवढं सांगितल्याशिवाय वर्ग सोडू नका.