आफ्टरमार्केट ईसीयू घेताना या चुका टाळा

टर्बो बदलला, मोठे इंजेक्टर बसले, की पुढचा प्रश्न ठरलेला: ईसीयू, म्हणजे इंधन आणि स्पार्क सांभाळणारा इंजिनाचा कॉम्प्युटर, बाहेरून कोणता घेऊ? मोटेक, हॉलटेक, लिंक, ईसीयूमास्टर ही नावं लगेच पुढे येतात. पण ब्रँडपासून सुरुवात करणं हीच पहिली चूक. आधी ट्यूनर, म्हणजे ईसीयूची सेटिंग करणारा माणूस, ठरवा. त्याचा हात ज्या सॉफ्टवेअरवर बसलाय, तोच ईसीयू तुमच्यासाठी भरवशाचा. इंधनाचे आणि टायमिंगचे (स्पार्क कधी पडायचा त्याचे) आकडे शेवटी माणूसच भरतो, आणि फुल बूस्टवर (टर्बोच्या पूर्ण दाबावर) टायमिंग जरा जास्त पुढे गेलं तर नॉकिंगने (मिश्रणाच्या अवेळी स्फोटाने) पिस्टन जायला वेळ लागत नाही.

मग इंजिनाची गरज कागदावर उतरवा. इंजेक्टर मीटरने मोजा. 12 ते 16 ओहम निघाले तर काळजी नाही. 2-3 ओहम निघाले आणि ईसीयूत पीक-अँड-होल्ड ड्रायव्हर (इंजेक्टर उघडताना जास्त, मग कमी करंट देणारं सर्किट) नसेल, तर ईसीयूतलं इंजेक्टर चालवणारं सर्किट जळू शकतं. मॅप सेन्सरच्या (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या) बाबतीतही गफलत होते. 3 बारच्या सेन्सरमधला 1 बार वातावरणाच्या दाबातच जातो, बूस्ट मोजायला उरतात 2. नव्या गाडीत गिअरबॉक्स, एबीएस आणि डॅशबोर्डचं मीटर कॅनवरून (गाडीतल्या डेटाच्या वायरीवरून) मूळ ईसीयूशी बोलतात. तो काढल्यावर यातलं काय बंद पडेल, हे तुमच्या नेमक्या मॉडेलचं नाव घेऊन विक्रेत्याला विचारा.

सगळ्यात जास्त डोकेदुखी ट्रिगरची, म्हणजे क्रँकची जागा सांगणाऱ्या सिग्नलची, आणि दोष मात्र ईसीयूवर येतो. बऱ्याच इंजिनांत क्रँकच्या चाकावर 60 दातांची जागा असते, त्यातले 2 गाळलेले. त्या रिकाम्या जागेवरूनच ईसीयूला क्रँक कुठे आहे ते कळतं. हे दात वाचणाऱ्या व्हीआर (चुंबकीय) सेन्सरच्या दोन वायरी उलट जोडल्या तरी गाडी सुरू होऊ शकते, आयडलही धरते. पण आरपीएम वाढला की टायमिंग सरकतं किंवा सिंक (ईसीयू आणि क्रँकचा मेळ) तुटून इंजिन अडखळतं. म्हणून ट्यूनिंगच्या आधी सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग 10 अंशांवर लॉक करा आणि टायमिंग लाइट मारून आयडलला आणि 4000 आरपीएमला, दोन्हीकडे खूण बघा. खूण हलली तर ट्यूनिंगच्या आकड्यांना हात लावू नका. आधी पोलॅरिटी (वायरी सुलट आहेत का) आणि सेन्सरचं चाकापासूनचं अंतर तपासा. या दहा मिनिटांची काटकसर कुणीच करू नये, असं मला मनापासून वाटतं.

हेडलाइट किंवा फॅन सुरू होताच थ्रॉटलचं रीडिंग हलतंय? सेन्सरची अर्थ वायर बॉडीला जोडलेली असणार. ती ईसीयूच्या सेन्सर-ग्राउंड पिनलाच परत न्या. पॉवरची अर्थ थेट इंजिन ब्लॉकवर घ्या.

किल्ली सोडल्यावरच इंजिन सुरू होतं? मग ईसीयूचा सप्लाय अशा वायरीवरून घेतलाय, जी स्टार्टर फिरताना बंद होते. क्रँकिंगमध्येही चालू राहणारी वायर शोधा. ईसीयू बदलून हे सुटणार नाही.

ऑइल प्रेशर, फ्यूएल प्रेशर आणि वाइडबँड लॅम्डा (एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा), हे तीन सेन्सर पैसे वाचवायला गाळू नका. दाब पडला किंवा मिश्रण लीन झालं (इंधन कमी पडलं) की इंजिन कट करणं, हे चांगल्या ईसीयूचं मोठं काम आहे, आणि सेन्सरशिवाय ते होत नाही. लिमिट पहिल्या डायनो रनच्या (रोलरवर गाडी पळवून ताकद मोजण्याच्या) आधीच भरा. ऑइल प्रेशरची लिमिट तात्पुरती वर नेऊन कमी आरपीएमवर इंजिन खरंच कट होतंय का, ते स्वतः बघा, मग ती परत जागेवर आणा.