मुलांबरोबर पहिली सुरी: कानशीने घडवण्याची रीत

पालक आणि मूल मिळून सुरी करायचे ठरले की पहिला मोह ग्राइंडर विकत घेण्याचा होतो; तो टाळावा. ग्राइंडर आला की सगळे काम मोठ्या माणसाच्या हाती जाते आणि मूल लांबून ठिणग्या पाहत उभे राहते. कानशीने तेच काम चार-पाच रविवार चालते, पण त्यातला बराच भाग दहा-बारा वर्षांच्या मुलाला स्वतः करता येतो.

भंगारातल्या गाडीच्या कमानपाट्याच्या मागे सुरुवातीलाच लागू नये. तो जाड असतो आणि त्यात न दिसणारे तडे असू शकतात. १०८० या क्रमांकाने ओळखले जाणारे, सुमारे ०.८ टक्के कार्बनचे पोलाद नरम केलेल्या स्थितीत, ३ मिलिमीटर जाडीच्या पट्टीत घ्यावे. आकार मुलानेच पुठ्ठ्यावर काढावा आणि तो पुठ्ठा हातात धरून काकडी चिरल्याचा अभिनय करून पाहावा. माझ्या मुलीने स्वयंपाकघरातली सुरी जशीच्या तशी गिरवली होती. पुठ्ठा हातात घेतल्यावरच तिला कळले की ती मूठ आईच्या हाताची आहे. पाते १० सेंटीमीटर पुरे, आणि टोक गोलसर ठेवावे.

हॅकसॉने कापून झाल्यावर पट्टी व्हाइसमध्ये घट्ट आवळावी. व्हाइस मुलाच्या कोपराच्या उंचीला यायला हवा. आमच्याकडे त्यासाठी जेवणाचा जुना पाट पायाखाली आला. कानस पुढे जातानाच कापते, म्हणून दाब पुढे ढकलताना द्यावा आणि मागे आणताना ती उचलून घ्यावी. दातांत खडू घासला की लोखंडाचा कीस अडकत नाही. मुठीच्या खिळ्यांची भोके याच वेळी पाडावीत, कारण पाते कडक झाल्यावर साधे ड्रिल चालत नाही.

धारेच्या कडेला मार्कर फासून मधोमध १ मिलिमीटर अंतराच्या दोन समांतर रेघा ओढाव्यात आणि दोन्ही बाजूंनी उतार त्या रेघांपर्यंतच आणावा. उत्साहाच्या भरात मी कड याहून पातळ केली, आणि कडक करण्यासाठी तापवून तेलात बुडवलेले आमचे पहिले पाते लाटेसारखे वळून बाहेर आले. मुलीने दोन रविवार घासलेले ते पाते होते, आणि ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

पाते तापवून, एकदम बुडवून कडक करण्याच्या पुढच्या पायरीला लोहार ‘पाणी देणे’ म्हणतात. आपण मात्र कोमट खाद्यतेल वापरावे, कारण पाण्यात पाते तडकण्याचा धोका अधिक असतो. आग आणि तेल ही कामे फक्त मोठ्या माणसाची. जवळ लोहाराचा भाता चालू असेल तर एवढ्या कामापुरते त्याच्याकडे जावे. घरी करायचे तर मोकळ्या जागेत, लोखंडी डबा, त्याचे झाकण आणि वाळूची बादली जवळ ठेवून करावे. पेटलेल्या तेलावर पाणी कधीही टाकू नये. पाते लाल होऊ लागले की मोठ्याने त्याला चुंबक लावावा आणि चार पावले दूर उभ्या असलेल्या मुलाने ‘चिकटला’, ‘नाही चिकटला’ असे पुकारावे. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलादावर चुंबक लागेनासा होतो. त्याहून किंचित अधिक तापवून पाते सरळ, पूर्ण बुडवावे. गार झाल्यावर मुलाने कडेवर कानस फिरवावी; ती काचेवरून घसरल्यासारखी निसटली तर पाते कडक झाले.

असे पाते ठिसूळ असते, पडले तर मोडते. म्हणून त्याच दिवशी ते घासून चकचकीत करावे आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर एकेक तास दोनदा ठेवावे. पृष्ठभागावर वाळल्या गवताचा फिकट पिवळा रंग आला की झाले.

मुठीसाठी सागाचे दोन तुकडे, इपॉक्सी आणि पितळी खिळे पुरतात. लाकूड घासताना दोघांनीही मास्क लावावा. धार अगदी शेवटी, निसण्यावर. कागदाचा काटकोन दोनदा दुमडला की साडेबावीस अंशांचे माप तयार होते. पाते त्याहून किंचित आडवे धरावे. वापरल्यावर सुरी लगेच पुसून खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. टोमॅटो-कांदा चिरून पात्यावर निळसर करडी छटा चढते. तो गंज नव्हे, ती घासून काढू नये.