इंजिन सीझ झालं? आधी जुना पिस्टन बघा

बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात डर्ट रेसला आरएक्स 100 ही यामाहाची जुनी टू-स्ट्रोक बाइक पळवणाऱ्या पोरांची एक ठरलेली रीत आहे. इंजिन सीझ झालं, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला, की गाडी टेम्पोत घालायची, बेळगावची उद्यमबाग औद्योगिक वसाहत गाठायची, बोअर मारून नवा पिस्टन बसवायचा. जुना पिस्टन तोवर भंगारात. आता पंचनाम्याआधीच पुरावा फेकल्यावर कारण कुठून सापडणार?

मी हेड काढलं की काहीही पुसत नाही, आधी पिस्टन उजेडात धरतो. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला घासला असेल, तर उष्णता किंवा लीन मिश्रण, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. घेरावर चार ठिकाणी उभे ओरखडे दिसले, तर थंड इंजिन रेमटवलंय. सिलिंडर तापायच्या आत पिस्टन फुगला. इनटेकच्या बाजूला ओरखडे असतील, तर ऑइलचा संशय घ्या. माथ्याची कड उंदरानं कुरतडल्यागत असेल, तर डेटोनेशन, म्हणजे मिश्रण नीट न जळता स्फोटासारखं पेटणं.

एका पोराची गाडी बेळगावात झकास पळायची. चोर्ला घाट उतरून गोव्यात नेली आणि प्रॅक्टिसलाच सीझ. बेळगाव साडेसातशे मीटरवर. खाली समुद्राजवळ हवा दाट, त्यामुळं इथं बसवलेला मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) तिथं लीन पडतो. कुणीतरी सांगितलं, ऑइल कमी पडलं. यानं नवा पिस्टन घातला आणि पेट्रोलमध्ये ऑइल वाढवलं. परत सीझ! अहो, ऑइल वाढलं की जेटमधून जाणारं पेट्रोल तेवढंच घटतं, मिश्रण आणखी लीन होतं. मी विचारलं, "पहिला पिस्टन कुठं आहे रे?" "टाकलो की ओ अण्णा." गॅरेजच्या डब्यातून शोधून काढला. इनटेकची बाजू स्वच्छ, एक्झॉस्टची खरवडलेली. ऑइलचा प्रश्नच नव्हता. तेव्हापासून घाट उतरायचा असेल तर मी दोन साइज मोठा जेट लावूनच जातो आणि स्पार्क प्लगच्या रंगावरून मिश्रण ताडत खाली येतो. गाडी थोडी जड पळते, पळू दे. पहिल्याच राउंडला सगळी ताकद हवी असणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

प्लग बघायचीही घाई नडते. रेस संपवून रमतगमत पॅडॉकपर्यंत आलात, की प्लगवर आयडलिंगचा, म्हणजे थ्रॉटल न देता चाललेल्या इंजिनचा, रंग चढतो. फुल थ्रॉटलला असतानाच क्लच दाबून किल स्विच मारा, गाडी ढकलत आणा. लाज वाटत असेल तर रेसिंग सोडा.

जेट बरोबर असूनही सीझ होतंय? मॅग्नेटोकडचा (ठिणगीची वीज बनवणाऱ्या चाकाकडचा) क्रँक सील, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीचं रबरी कडं, बघा. तिथून जास्तीची हवा ओढली जाते नि मिश्रण लीन होतं. कार्ब्युरेटर नि एक्झॉस्टची तोंडं बंद करून 6 पीएसआय हवा भरा. मिनिटाला 1 पीएसआयपेक्षा जास्त उतरली, तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. क्लचकडचा सील गेला तर मात्र धूर येतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं.

जेट, प्लग आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) एकाच दिवशी बदलू नका.

एअर फिल्टरचा फोम ऑइलविना कोरडा ठेवू नका. आपली लाल माती पिस्टनची रिंग खाते.

आणि फोर स्ट्रोकवाल्यांनो, चुकीच्या गिअरला डाउनशिफ्ट मारल्यावर कॉम्प्रेशन गेलं असेल, तर रिंगा मागवायच्या आधी व्हॉल्व्ह वाकलेत का ते बघा.